आत्याची चप्पल

आत्याला अस्थिमज्जेचा कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हा घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. आत्या मात्र मला म्हणाली, "रडारड पुरे. औषध काम कसं करतं ते सांग." जन्मभर मुलांना पोहायला शिकवलेली बाई, नीट कळल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, हा तिचा खाक्या. आणि प्रयोगशाळेत माझा विषय नेमका तोच होता: पेशी प्रथिनं कशी मोडतात.

पोटावर इंजेक्शन झालं की आम्ही रुग्णालयाच्या खिडकीशी बसायचो. मी सांगितलं, "एखादं प्रथिन बिघडलं किंवा त्याचं काम संपलं, की पेशी त्याला युबिक्विटिन नावाची चिमुकली प्रथिनं चिकटवते, एकापुढे एक, साखळीसारखी. ती खूण पटली की प्रोटिआसोम नावाचं यंत्र त्याला आत ओढून तुकडे करतं. तुकडे पुन्हा कामाला येतात."

"आणि ते युबिक्विटिन? तेही कापलं जातं?"

"नाही, ते सोडवून परत वापरतात."

"हुशार आहेत की! मग माझं औषध?"

"ते प्रोटिआसोमला अडवतं. तुझ्या रोगट पेशी सतत प्रथिनं बनवत सुटतात, त्यामुळे बिघडलेला मालही ढीगभर. तो मोडता आला नाही की त्यातच गुदमरतात."

"मरू देत मेल्या!" आत्या इतकी जोरात म्हणाली की शेजारचे आजोबा दचकले.

एका दुपारी निघताना तिची एक चप्पल मागेच राहिली. ती एका पायाने अनवाणी चालत होती आणि तिला पत्ताच नव्हता.

"आत्या, पाय बधिर झालेत ना? कधीपासून?"

"हळू बोल गं. डॉक्टरांनी ऐकलं तर औषध बंद करतील."

"चांगल्या पेशींनाही प्रोटिआसोम लागतं. तुझ्या नसांना त्रास होतोय. लपवलंस तर चालणंच जाईल."

मी तिचा हात धरून तिला परत डॉक्टरांच्या खोलीकडे वळवलं. डॉक्टरीणबाई थोड्या रागावल्या, मग म्हणाल्या, "बंद कशाला? दोनदाऐवजी आठवड्यातून एकदा देऊ."

बधिरपणा हळूहळू ओसरला. बोटांच्या टोकांना थोडा राहिला. रोगट पेशी रक्तात सोडतात ते प्रथिन, ज्यावरून रोग किती उरला ते कळतं, मात्र घसरत गेलं. रक्ताचा तो रिपोर्ट आत्याने माझ्याकडून दोनदा वाचून घेतला, "छान" म्हणाली, आणि घरी येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टाकून खुशाल घोरू लागली. माझा खांदा आखडला, पण मी हलले नाही.