उजवीकडे वळणारा वेल

शाळेतल्या बाईंच्या आईला एक दिवस मुलांना शिकवायला बोलावलं, तेव्हा हेडमास्तरांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. याच शाळेत तिच्या रानातल्या जमातीच्या पोरांना कालपरवापर्यंत ‘रानटी’ म्हणून मागे बसवत. पण आता साहेब पाहणीला येणार होते, त्यामुळे सगळ्यांनाच रानातल्या ज्ञानाचा उमाळा आला होता.

म्हातारी कंद ओळखायला शिकवणार होती. वेल दोन, पानं अगदी सारखी. एक झाडावर उजवीकडे वळत चढतो, त्याचा कंद शिजवून खातात. दुसरा डावीकडे वळतो आणि त्याचा कंद माणसाचा जीव घेतो. हे तिच्या घराण्यात तोंडाने सांगत नसत. शिकणाऱ्याची पाठ आपल्या छातीशी घ्यायची, त्याच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि खांबाभोवती फिरवत वर न्यायचा. बाईही लहानपणी अशाच शिकल्या होत्या.

“आजी, मुलांकडे तोंड करून उभ्या राहा,” हेडमास्तर म्हणाले. “साहेबांना फोटो हवाय.”

म्हातारीने लेकीकडे पाहिलं. “अगं, समोरून कसं शिकवायचं?”

“आजच्या दिवस कर ना, आई,” बाई पुटपुटल्या. साहेबांपुढे आई एकेका पोराला कवटाळत बसणार, या विचारानेच त्यांना लाज वाटत होती.

म्हातारीने उजवा हात गोल फिरवत वर नेला. समोरच्या चाळीस पोरांनी, आरशात दिसावं तसा, डावा हात उलटा फिरवत वर नेला. बाईंना ते दिसलं. उद्या वर्गात नीट करून घेऊ, असं मनाशी म्हणत त्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी परीक्षेचं काम आलं आणि ते राहूनच गेलं.

आठवड्याने तिसऱ्या बाकावरची हुशार मुलगी एकटीच जाऊन कंद खणून घेऊन आली. घरी कोण कौतुक झालं! पहिला घास तिलाच दिला आणि बाकीच्यांनी ताटाला हात लावायच्या आतच ती कोसळली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिने जीव सोडला.

हेडमास्तरांनी कागद तयार ठेवला होता. ‘सदर वृद्धेने मुलांना चुकीची माहिती दिली.’

“सही करा, बाई. नाहीतर तुमच्यावर शेकेल. आजींना या वयात कोण काय करणार?”

बाईंनी सही केली. बाहेर पडताना त्यांना स्वतःची किळस आली, पण परत फिरायचं काही धैर्य झालं नाही.

घरी आई ओसरीच्या खांबाभोवती हात फिरवून बघत होती. सकाळपासून तिचं तेच चाललं होतं.

“माझ्या हाताला विसर पडला का गं? ये, पाठ कर इकडे.”

बाई तिच्या छातीला पाठ लावून उभ्या राहिल्या. सही केलेल्या हातावर आईचा खरखरीत हात आला आणि खांबाभोवती उजवीकडे वळत वर गेला.

“बरोबर आहे?”

“बरोबर आहे, आई.”

“मग ती पोर मेली कशी?”

बाईंना मागे वळून बघता येईना.