माझ्या पाठीला टेकलेली विलायत

मी पानाचा डबा बोलतोय. विलायत आणि ऑस्ट्रेलिया हे दोन मुलूख एकाच पाठीवर तोलून धरणारा अख्ख्या सातारा-सांगलीत मी एकटाच. म्हणजे, खरं सांगायचं तर माझ्या पाठीला मोबाइल टेकवून ठेवायचे, एवढंच. तिथं वरवंटा उभा केला असता तरी काम भागलं असतं. पण वरवंट्याला विमानात कोण बसू देतंय?

माझं शिक्षण म्हणाल तर सुपारीच्या पुडीवर झालंय. वाणी रद्दीच्या कागदात सुपारी बांधून द्यायचा, तो कागद माझ्या पोटात पडायचा, तो मी वाचायचो. बातमी ऐन रंगात आली की नेमका कागद फाटलेला. त्यामुळं मला जगातलं सगळं ठाऊक आहे, पण अर्धं. बाकीचं अर्धं मी मनानं लावतो. शिकलेली माणसंही तसंच करतात, फक्त ती सांगत नाहीत.

जन्म सांगलीचा. एका तांबटानं मला पितळेतून ठोकून काढलं. वर कमळाचं झाकण, आत चुन्याला, काताला, लवंग-सुपारीला वेगवेगळे कप्पे आणि तळाशी ओल्या फडक्यात पानं ठेवायची जागा. अडकित्ता माझा धाकटा भाऊ. बोलायला कमी, चावायला तरबेज.

मला विकत घेतलं गुंडानं. गाव त्याला तात्या म्हणतं, मी गुंडाच म्हणतो. मिसरूड फुटत होतं तेव्हापासूनचा बघतोय मी त्याला. नुकताच फौजेत लागला होता, पहिल्या सुट्टीवर आला होता. मी आवडलो, पण घासाघीस करायची त्याला लाज वाटत होती. ती केली बरोबरच्या नाथाजीनं. नाथाजी म्हणजे समोरच्या घरातला, गुंडाचा जीवाचा दोस्त. दोघांच्या घरांमध्ये बैलगाडी जाईल एवढा बोळ, आणि मळ्यात ऊसही एकाच पाटाच्या पाण्यावर. त्यानं तांबटाला असं काही बोलून घेतलं की शेवटी त्या बिचाऱ्यानं आपल्या पदरचा अडकित्ताही देऊन टाकला.

परत येताना यष्टीत गुंडानं माझं झाकण उघडलं आणि पहिला विडा नाथाजीच्या हातावर ठेवला. तेव्हापासून तो कायदाच झाला. कऱ्हाडजवळच्या मलकापूरपासून सायकलीच्या टप्प्यातलं आमचं गाव. संध्याकाळी गुंडाच्या ओट्यावर कुणीही येऊन बसो, सरपंच असो की साखर कारखान्याचा कुणी, पहिलं पान नाथाजीचं. त्या पानावर ज्या गप्पा व्हायच्या, त्यातल्या निम्म्या खोट्या असायच्या आणि उरलेल्या निम्म्या शेजाऱ्यांच्या. मला दोन्ही आवडायच्या.

मग गुंडाच्या पोराची, वीरधवलची, सुपारी फोडायचा दिवस आला. मेढ्याहून पोरीकडचे पाहुणे आले. मांडवात मला मधोमध ठेवलेलं, चिंचेनं घासूनपुसून नवरदेवासारखं केलेलं. नाथाजी सवयीनं हात पुढं करून बसला होता. आणि गुंडानं पहिला विडा दिला पोरीच्या मामाला.

गुंडाच्या मनात काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण विडा बांधताना तो पुटपुटला होता, "घरच्याला कसला मान द्यायचा, तो घरचाच हाय." नाथाजीच्या मनात काय आलं तेही मला ठाऊक आहे. चारचौघांत आपण घरचे नाही, हेच त्याला दिसलं. एकच विडा, पण दोघांनी दोन बाजूंनी चावला.

नाथाजी उठला. सगळ्यांच्या देखत माझ्याकडं बोट करून म्हणाला, "ह्या डब्यातलं पान परत तोंडात घालीन, तर बापाचं नाव सांगणार न्हाई."

आता गुंडानं काय करावं? पाठोपाठ जाऊन हाताला धरावं. पण तो फौजी. तो म्हणाला, "मागून घेतल्याबिगर मीबी देणार न्हाई."

झालं. समोरासमोर दारं आणि वर्षानुवर्षं अबोला. बोळातून जाताना दोघं आभाळाकडं बघत जायचे. गावाला वाटायचं, ह्यांना पावसाची लय काळजी. दोन्ही घरच्या बायकांची मात्र वाटी-वाटीनं साखर इकडून तिकडं चालूच. गुंडाची अंजना म्हणायची, भांडण बाप्यांचं हाय, साखरेचं न्हाई.

माझे दिवस वाईट आले. गुंडा एकटा पान खायचा, पण एकट्यानं पान खाणं म्हणजे आरशासमोर बसून पत्ते खेळणं. हळूहळू त्याचे दातही गेले. मग माझ्या पोटात बटणं आली, सुया आल्या, मोबाइलची जुनी सिमकार्डं आली. चुन्याच्या डबीत तर चक्क त्याची रक्तदाबाची गोळी. ज्या डबीनं भल्याभल्यांची जीभ भाजली, ती आता डॉक्टरची नोकर झाली.

वीरधवल ऑस्ट्रेलियात मेलबर्नला नोकरीला लागला आणि त्यानं आईबापाला बोलावून घेतलं. गुंडानं मला बॅगेत कोंबलं आणि हौसेनं चार पानं, थोडी सुपारीही भरली. तिथल्या विमानतळावर एका बाईनं हातमोजे घालून मला उघडलं. एक कुत्रं मला मन लावून हुंगून गेलं. पानं, सुपारी, लवंगा सगळं काढून घेतलं आणि मला रिकामं परत दिलं. जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्या पोटातलं इतकं गंभीरपणानं वाचलं.

मेलबर्नच्या स्वयंपाकघरात मी ओट्यावर बसून असायचो. गुंडाचं मन रमत नव्हतं. शेजारी भले, पण रोज "गुड डे" म्हणून झाल्यावर पुढं काय बोलायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिकडं नाथाजीची पोरगी राजेश्वरी विलायतेत लेस्टरला. आई गेल्यावर तिनंही बापाला आपल्याकडं नेलं होतं. राजेश्वरी आणि वीरधवल बोळात एकत्र विटी-दांडू खेळलेली, त्यांचं फोनवर तोंडं बघत बोलणं असायचंच. एक दिवस बोलता बोलता तिचं दूध उतू गेलं. तिनं फोन बापाच्या हातात दिला आणि धावली. नेमकी त्याच वेळी वीरधवलच्या दाराची घंटी वाजली. त्यानं फोन माझ्या पाठीला टेकवला आणि तो गेला. समोर खुर्चीवर गुंडा.

दोघं एकमेकांकडं बघत राहिले. फोनवर आभाळाकडं बघायची सोय नसते.

शेवटी नाथाजी म्हणाला, "पाऊस हाय का तिकडं?"

"न्हाई. ऊन हाय."

"हितं हाय पाऊस."

झालं बोलणं. दुसऱ्या दिवशी गुंडा मुद्दाम त्याच खुर्चीत, दाढी करून. अबोला मोडला असं दोघांपैकी कुणीच कबूल केलं नाही. हवामान सांगणं म्हणजे काही बोलणं नव्हे, असा दोघांनी मनातल्या मनात निवाडा केला आणि मग रोज तासभर हवामान सांगू लागले.

विलायतेत सकाळ असायची तेव्हा आमच्याकडं दिवस मावळतीला लागलेला. गुंडा म्हणायचा, "नाथा, तुला उष्टा दिवस मिळतुया. मी वापरून झाला की मंग तुज्याकडं धाडतो."

"तरीच मळका येतुया," नाथाजी खिडकीतलं ढगाळ आभाळ दाखवून म्हणायचा.

गुंडा माकडटोपी घालून कुडकुडत असायचा तेव्हा नाथाजी बंडीवर बसलेला. सहा महिन्यांनी उलटं. तिथल्या एका काळ्या-पांढऱ्या पाखराची गंमत गुंडानं सांगितली. कावळ्याचा सोयराच, पण घरट्याच्या दिवसांत माणसाच्या टाळक्यावर झडप घालतं. म्हणून गुंडा डोक्यावर पातेलं घालून फिरायला गेला, तर वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं काहीच वावगं नसल्यासारखं "गुड डे" म्हटलं. नाथाजी इतका हसला की चष्मा चहात पडला. त्याचीही तऱ्हा वेगळी नव्हती. कुंपणापलीकडच्या म्हातारीला प्रत्येक वाक्याला "येस, येस" म्हणता म्हणता त्यानं तिचं मांजर आठवडाभर सांभाळायला घेतलं होतं, आणि हे त्याला मांजर घरात आल्यावर कळलं.

ह्या सगळ्या गप्पांत एक शब्द मात्र कधी निघाला नाही. पान. बोलणं थांबलं की दोघांचीही तोंडं सवयीनं चावल्यासारखी हलायची, रिकामीच. आणि गंमत बघा, ज्या डब्यावर शपथ घेतली, त्याच्याच पाठीला टेकून नाथाजी बोलत होता. मी फोनच्या मागं, त्याला कसा दिसणार? एकदा गुंडा फोन दुसरीकडं ठेवायला निघाला, तर अंजनानं तो परत आणून माझ्याच पाठीला लावला. म्हणाली, हितंच बरा उभा ऱ्हातुया. त्या बाईला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी फक्त अर्धं जाणतो, सांगितलंच.

पुढं गुंडाला तिथली थंडी झेपेना. डॉक्टर म्हणाले, आता लांबचा प्रवास पुरे. एकदाचं गावी जा आणि तिथंच राहा. आम्ही फाल्गुनात परत आलो. चैत्रातल्या जत्रेला राजेश्वरी नाथाजीला घेऊन आली. तीन आठवड्यांसाठीच. तिकडचे कागद झालेत, ह्यापुढं तो तिच्याकडंच राहणार, असं अंजनाच्या कानावर आलं. म्हणजे हे दोघं ह्या बोळात समोरासमोर येण्याची ही शेवटची खेप.

पहिल्या सकाळी नाथाजी राखुंडी घेऊन ओट्यावर आला. गुंडाही आला. गाव डोळे लावून बसलेलं. शपथ गावादेखत घेतली होती ना. दोघांनी आभाळाकडं बघितलं आणि दोघंही आत गेले. मला वाटलं, संपलं.

दुपारी फोन वाजला. गुंडानं तो माझ्या पाठीला टेकवला.

"पोचलास का?" नाथाजी.

"व्हय. तू?"

"मीबी. ऊन हाय का तिकडं?"

"हाय. तुज्याकडं?"

"हितंबी हाय."

माझं झाकण हसून हसून खडखडलं. प्रत्येक वाक्य दोनदा ऐकू येत होतं, एकदा बोळातून आणि मग फोनमधून. अंजना दळण घेऊन चालली होती, ती दारात थबकली. म्हणाली, "आवं, फोन ठिवा आन् खिडकी उघडा."

खिडकी काही उघडली नाही. रोज दुपारी मेलबर्न आणि लेस्टर बोळाच्या दोन बाजूंना बसून एकमेकांना हवामान विचारत राहिले. जत्रा झाली, पालखी झाली, आणि नाथाजीच्या जायचा दिवस उजाडला.

त्या सकाळी अंजनानं मला चिंचेनं घासलं. परत साठलेल्या सुया, बटणं, गोळ्या काढून टाकल्या. गुंडा कऱ्हाडला जाऊन कोवळी पानं घेऊन आला. चुना भिजवला. किती वर्षांनी माझ्या पोटात ओलं फडकं पडलं! लवंगेचा वास आला तसा मी पुन्हा सांगलीच्या दुकानातला झालो.

गुंडानं विडा बांधला, दात नाहीत म्हणून खलबत्त्यात कुटून पुन्हा पानात गुंडाळला. मग फोन लावला. "नाथा, डबा भरलाय."

पलीकडून कोट चढवल्याची सळसळ तेवढी आली. हवामानही नाही.

समोर गाडी येऊन थांबली. राजेश्वरी बॅगा ठेवायला लागली. तेव्हा गुंडानं मला काखेत मारलं, विडा मुठीत घेतला, अनवाणी बोळ ओलांडला आणि नाथाजीच्या ओट्यावर जाऊन बसला. नाथाजी आधीच तिथं बसला होता, अंगात कोट घालून. तिथूनच मी हे तुम्हाला सांगतोय. दोघांच्या मधे बसलोय. गाडीचं दार उघडं आहे. अंजना आमच्या दारात उभी आहे, तिच्या हातातला फोन अजून चालूच.

मला काही मागायचं असेल तर एवढंच. मला ह्या ओट्यावर ठेवा नाहीतर त्या, फडताळात ठेवा नाहीतर वितळवून समई करा, माझी हरकत नाही. फक्त तुमच्यापैकी कुणाचा असा नाथाजी असेल तर त्याच्या-तुमच्यामधे मला घालू नका. माझ्या पोटात चुना असतो, कात असतो. मान-अपमान तुम्ही घालता.

गुंडानं मला नाथाजीकडं सरकवलं. मान खाली घालून म्हणाला, "शपथ तुजी हाय, ती मोडाय मी सांगत न्हाई. ह्यो डबाच तुला देऊन टाकतो, घेऊन जा विलायतेला. माजा डबाच ऱ्हायला न्हाई, तर तुजी शपथ तरी कशावर ऱ्हाईल?"

नाथाजीनं मला बोटानं बाजूला केलं, जसं कुणी वाटेतलं मांजर करतं, आणि तळवा गुंडाच्या मुठीपुढं धरला.

"त्याला कशाला मधी घालतुयास? शपथ डब्यातल्या पानाची हुती, तुज्या हातातल्याची न्हाई. एवढी वर्सं समूर बसून हात कवा पुढं केलतास का, गड्या?"