तीन कोटी ठिपके आणि दोन डोळे

मी टीव्ही बोलतोय. दचकू नका, बंदच आहे. चालू असतो तेव्हा दुसऱ्यांचंच बोलावं लागतं. स्वतःचं काही बोलायला बटण बंद झाल्यावरच सवड मिळते.

कारखान्यातून निघालो तेव्हा काय ऐट होती माझी! अंगावर तीन कोटींहून जास्त ठिपके. तपासणारी बाई म्हणाली होती, "अगं बाई, काय चित्र आहे! मुंगीच्या मिशा मोजाव्यात." आणि आलो कुठे? दहा बाय बाराच्या या खोलीत. चार बोल्टांनी भिंतीला असा आवळलाय की मान वळवायची सोय नाही. समोर सोफा, शेजारी इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग, संपला माझा मुलूख.

या घरातला मी तिसरा. पहिल्याला काही धाड भरली नव्हती. पण आजोबा म्हणाले, "चित्र धूसर येतंय." मुलाने चौपट ठिपक्यांचा दुसरा आणला. पुन्हा तेच, धूसर! मग त्याच्याही चौपट, म्हणजे मी. लिफ्ट दुरुस्तीच्या कामाने मुलाचा रोज पिट्टा पडतो, पण मला लावताना त्याचा चेहरा खुलला होता.

"बाबा, आता दिसतंय ना स्वच्छ?"

"हो हो, आता बरंय," म्हणत आजोबांनी खुर्ची हळूच पुढे सरकवली.

"सोफ्यावरून मला तर तिन्ही सारखेच दिसले," सून म्हणाली.

"तुला नाही कळायचं. बाबा घड्याळजी होते. त्यांची नजर तयार आहे."

खरं तर सुनेचंच बरोबर होतं. एवढ्या अंतरावरून माझे जादा ठिपके माणसाच्या डोळ्याला दिसतच नाहीत. मीच सांगतोय, आणखी काय पुरावा हवा?

आजोबांचं दुखणं वेगळंच आहे. दुपारी घर रिकामं झालं की ते जुनं रेकॉर्डिंग लावतात. रिमोट त्यांच्या बोटांना पाठ आहे. तळ्याकाठची सहल, आजी संत्रं सोलतायत, मध्येच मान वर करून हसतात. त्या रेकॉर्डिंगमध्ये मुळात ठिपके चिमूटभर. मी ते ताणून ताणून भिंतभर करतो, पण जे नाहीच ते आणू कुठून? आजोबा इतके जवळ येतात की त्यांच्या श्वासाची वाफ माझ्या काचेवर धरते. तेव्हा मला त्यांचे डोळे दिसतात. दोन्ही बाहुल्यांवर साय धरलीय. मोतीबिंदू, चांगला पिकत आलेला!

आणि त्यांना ते माहीत आहे. एकदा माझ्या काचेवरच्या आजींना म्हणाले, "डोळ्याचं ऑपरेशन सांगतील गं. तू त्या टेबलावर चढलीस ती परत आली नाहीस. मी नाही चढणार."

घरात मात्र अवाक्षर नाही. चहा कपाबाहेर ओततात आणि कपालाच शिव्या घालतात. सून ओरडते, "बाबा, इतकं जवळ बसू नका, डोळे जातील!" अहो ताई, ते निघालेच आहेत!

माझा जीव कासावीस होतो. रोग रेड्याला नि औषध पखालीला, आणि ती पखाल म्हणून मी इथे टांगलेला. परवा माझ्यावर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या, हे ऑपरेशन किती सोपं झालंय, त्याच दिवशी घरी. मला वाटलं, सुटलो! आजोबांनी चॅनल बदललं.

आज दुपारी त्यांनी माझ्या काचेवर बोटं फिरवली. आजींचा चेहरा डावीकडे होता, बोटं उजवीकडे शोधत होती. "हसतेयस ना गं?" त्यांनी विचारलं. हसत होत्या हो! मला सांगता आलं नाही.

संध्याकाळी मुलाला म्हणाले, "चित्र पुन्हा धूसर येतंय रे."

"याहून भारी आलाय बाबा. रविवारी बघून येतो," तो लगेच म्हणाला. बिचाऱ्याची माया खोटी नाही, पण ती दर वेळी दुकानातच जाते.

वाचकहो, तुम्हाला तोंड आहे. या घरी गेलात तर त्या मुलाला एवढं सांगा. मला हवं तर भंगारात दे, माझी तक्रार नाही. फक्त एकदा मला बंद कर, बाबांना त्यांच्या खुर्चीत बसव, तू सोफ्यावर बस, आणि तिथूनच विचार, "बाबा, माझा चेहरा दिसतो का?"