प्लास्टिकमधल्या दांड्या

ओवीचे गुडघे आखडत चालले होते. दोन समांतर दांड्या धरून तिला रोज चालवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून तिची आई रंजिता तिला कडेवर घेऊन दापोऱ्याहून बुरहानपूरच्या सरकारी व्यायामोपचार केंद्रात यायची. तिथल्या नव्याकोऱ्या दांड्या अजून प्लास्टिकमध्येच गुंडाळलेल्या होत्या.

"साहेब पाहणीला येईपर्यंत काढायचं नाही, ताई," शिपाई दिगंबर म्हणाला. "पोरं लाळ गाळतात, खराब करून टाकतात."

"मागच्या महिन्यातही हेच बोललात. साहेबांना चालायला शिकवायचंय का?"

"माझी नोकरी जाईल ना!"

"आणि हिचे पाय?"

रंजितानं ओवीला बाकावर बसवलं, दातांनी प्लास्टिक फाडलं आणि लेकीला दांड्यांमध्ये उभं केलं.

"साहेबांना सांगा, दापोऱ्याच्या रंजितानं फाडलं. उद्याही येणार आहे मी!"