तिसरा ड्राइव्ह हजर नाही

१९८८च्या मे महिन्यात जयपूरच्या राजा पार्कातल्या एका विमा कचेरीत एकोणीस माणसं आणि एक कॉम्प्युटर नोकरीला होते. माणसांसाठी पंखे होते, कॉम्प्युटरसाठी एसी. मशीनला एकटं वाटू नये म्हणून एकोणीसही जण त्याच्या खोलीत राहायला आले होते.

धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर. आत मॅनेजर वसंतरावांनी आपलं टेबल आणलं होतं. अमरावतीच्या हेडक्लार्क इंदुमतीबाईंनी टेबलाबरोबर श्रीखंडाचा चक्काही आणला होता. वॉचमन हिंदुराव कोल्हापूरचे, पलटणीच्या बँडात बावीस वर्षं पितळी भोंगा फुंकून निवृत्त झालेले. बाहेर सेहेचाळीस डिग्रीत बंदूक तापते, म्हणून ते बंदुकीला घेऊन आत बसत.

मशीनजवळ बसायचं खरं कारण फक्त चारुलताकडे होतं. दिल्लीला सहा दिवसांचं ट्रेनिंग तिचंच झालं होतं. आणि आता तिच्याकडे मुंबईच्या मुख्य कचेरीचं पत्र होतं. सोमवारी पंडितसाहेब तपासणीला येतील. लहान फ्लॉपीचा नवा, तिसरा ड्राइव्ह चालत नसेल तर कॉम्प्युटर कोटा शाखेला हलवण्यात येईल, एसीसह. शेवटचा शब्द प्रत्येकाने स्वतः येऊन वाचला.

बदली होऊन आलेल्या माणसाला जसं पत्र लागतं तसं ड्राइव्हलाही लागतं. मशीन सुरू होताना एक फाइल वाचतं. अमुक मापाचा ड्राइव्ह आलाय, रुजू करून घ्यावा, अशी एक ओळ त्या फाइलीत घालायची आणि ओळख करून द्यायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम जोडायचा. चारुलताने ओळ घातली. हिरव्या अक्षरांत उत्तर आलं : नॉट रेडी.

तिने ओळीतला आकडा बदलला. नॉट रेडी. ओळ वर नेली, खाली आणली, ड्रायव्हर पुन्हा कॉपी केला. नॉट रेडी.

"काय करून राहिली गं तू सकाळपासून?" इंदुमतीबाईंनी विचारलं.

"ड्रायव्हर बदलतेय मॅडम. मतलब, त्याची ओळ."

"कितव्यांदा?"

"सतराव्यांदा."

"नारळ फोडला काय?" हिंदुराव म्हणाले.

"मशीनवर पाणी उडेल, काका."

"मग नुसतं ववाळतो."

वसंतरावांचा नारळापेक्षा कागदावर विश्वास. त्यांनी ड्राइव्हच्या नावे मेमो काढला. 'आपण रुजू होऊनही कामास तयार नसल्याचे वारंवार कळवीत आहात. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा.' खाली 'प्रत माहितीसाठी : उरलेले दोन ड्राइव्ह.' मेमो डिंकाने ड्राइव्हच्या कपाळावर चिकटवण्यात आला.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, वसंतरावांना शिंका सुटल्या. "अरे, दोन मिनिटं एसी बंद करा कुणीतरी." एसी थांबला. चारुलताने सवयीने बटण दाबलं. ड्राइव्ह कर्रर्र करून फिरला आणि पडद्यावर फायलींची यादी सळसळत उतरली.

"बघा," वसंतराव नाक पुसत म्हणाले, "मुदत आजच संपत होती. मेमोला भल्याभल्यांनी उत्तर दिलंय."

एसी पुन्हा लावला. नॉट रेडी. बंद केला. यादी. लावला, नॉट रेडी. असं अकरा वेळा झालं. वसंतराव नऊ वेळा शिंकले. मग चारुलताच्या लक्षात आलं. दुपारी व्होल्टेज आधीच मरतुकडं. तेवढंही एसी गटागटा पितो आणि ड्राइव्हची मोटर उपाशी राहते. ड्रायव्हरची ओळ पहिलीच बरोबर होती. बिचारीला तिने सोळा वेळा उगीच छळलं होतं.

"मंग प्रश्न मिटला," इंदुमतीबाई म्हणाल्या. "एसी बंद ठेवायचा अन्..." आणि त्यांची नजर चक्क्यावर गेली.

"एसीशिवाय मशीन चालतं हे साहेबांना कळलं," चारुलता म्हणाली, "तर मशीन राहील. एसी जाईल."

"मशीन ठेवून करायचंय काय आपल्याला?" वसंतराव म्हणाले. कॉम्प्युटरविषयी ते पहिल्यांदाच मनापासून बोलत होते.

वेगळी वायर टाकायची फाइल मार्चपासून दिल्लीच्या विभागीय कचेरीत झोपली होती. उपाय एकच : साहेब फ्लॉपी घालतील तेवढे चाळीस सेकंद एसी गुपचूप बंद करायचा. पहाटेपासून खोली गार करून ठेवली तर थंडी लगेच जात नाही. आवाज मात्र लगेच जातो.

अठरा जणांनी हळूहळू हिंदुरावांकडे बघितलं.

"घुंऽऽऽ," हिंदुरावांनी सुरुवात केली.

"जरा खरखर हवी, काका."

"घुर्रंऽऽऽ. अन् सुरू होताना त्यो धक्का बसतोय, त्यो बी देऊ काय?"

"द्या."

शनिवारी तालीम झाली. तिसऱ्या फेरीला एसी बंद असूनही इंदुमतीबाईंनी खांद्यावर पदर ओढून घेतला.

सोमवारी पंडितसाहेब आले. सफारी, बारीक चष्मा, चेहरा पत्रासारखाच. त्यांनी फ्लॉपी घातली. "सर, पन्हं?" चारुलता म्हणाली. ती खूण होती. इंदुमतीबाईंनी बटण बंद केलं, कपाटामागे हिंदुराव सुरू झाले, ड्राइव्ह फिरला, यादी आली.

"छान," साहेब म्हणाले. "अजून चार फ्लॉप्या आहेत."

दुसरी फ्लॉपी गेली. तिसरी गेली. कपाटामागून घुर्र येतच होती, पण बावीस वर्षांची सवय मोठी वाईट. चौथ्या फ्लॉपीला एसी चढत्या सुरात गेला आणि पाचव्याला सरळ संचलनाची धून वाजवू लागला. वसंतरावांचे अनवाणी पाय जागच्या जागी डावा-उजवा पडायला लागले.

साहेबांनी मान वर केली. "हा एसी सुरात वाजतोय का?"

"व्होल्टेज वरखाली होतं, सर," वसंतराव म्हणाले.

तेवढ्यात एसीला ठसका लागला. खोकला, थांबला, घसा खाकरला, "आई गं" म्हणाला आणि परत घुरघुरू लागला.

साहेबांनी कपाळावरचा घाम टिपला, मशीनकडे बघितलं, मेमो दोनदा वाचला आणि अहवाल लिहायला घेतला. एकोणीस माणसांनी श्वास रोखला, म्हणजे अठरांनी.

'ड्राइव्ह उत्तम. ड्रायव्हर निर्दोष. कॉम्प्युटर येथेच ठेवावा,' साहेबांनी मोठ्याने वाचलं. 'एअर कंडिशनर मात्र अखेरच्या घटका मोजत आहे. त्याच्या मदतीस त्वरित दुसरा द्यावा.'

साहेबांची रिक्षा कोपऱ्यावर वळताच कचेरीत दिवाळी झाली. इंदुमतीबाईंनी डबा उघडला. हिंदुरावांना कपाटामागून हात धरून बाहेर काढलं आणि श्रीखंडाची पहिली वाटी त्यांना दिली. चारुलताने चमचा तोंडाशी नेला आणि तिथेच धरला.

"पण पुढच्या तपासणीला दोन एसी बंद करावे लागतील. मतलब... दुसऱ्याचा आवाज कोण काढणार?"

इंदुमतीबाईंनी वाटी टेबलावर ठेवली, पदर खोचला आणि डोळे मिटले.

"घुंऽऽऽ."

"जरा खरखर पायजे, बाई," हिंदुराव म्हणाले.