बिशपांनी दीक्षा दिलेली एकमेव बाई

"ह्यांना प्रार्थनेच्या पुस्तकात बघून वाचायला लाव गं," आई देवाघरी जाण्याआधी महिनाभर लेकीच्या मागे लागली होती. "सगळं पाठ आहे म्हणून मिरवतात. परवा जेवणाआधीची प्रार्थना सुरू केली आणि बोलता बोलता अंत्यविधीत शिरले. ताटातलं गार झालं."

लेकीने हसून विषय उडवला. तिला तेव्हा सहावा महिना होता आणि काळज्या करायला स्वतःचं पोट पुरेसं होतं.

तशी पप्पांची काळजी करायची कुणाची हिंमतही नव्हती. पोस्टमनचा मुलगा. शाळेच्या नाटकात राजा झाला आणि झगा जो अंगाला चिकटला तो कायमचा. आधी खेड्यातल्या चर्चचा पाळक, मग शहरातल्या, मग थेट बिशप. जांभळा शर्ट, बोटात अंगठी, हातात स्वतःपेक्षा उंच काठी. त्या काठीने किती मेंढरं वळवली देव जाणे, पण ती डिकीत मावत नाही म्हणून ड्रायव्हर मात्र रडकुंडीला यायचा. एकोणीस वर्षांत दोनेकशे माणसांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी पाळक घडवले. त्यात बाई एकही नाही. बायकांना दीक्षा द्यावी का यावर त्यांनी समिती नेमली होती. ती अकरा वर्षं चहा पीत बसली.

आई गेली, तेव्हा ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. वह्यापुस्तकांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते एकटे राहू लागले. नातीचा बाप्तिस्मा मात्र मीच करणार, म्हणाले.

त्या रविवारी नव्या पाळकाने पुस्तक पुढे केलं. बिशपांनी ते नजरेनेच परत पाठवलं. बाळाच्या डोक्यावर पाणी पडलं, नाव उच्चारलं गेलं. लेकीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पप्पांनी दोन्ही हात बाळाच्या टाळूवर ठेवले आणि खणखणीत आवाजात पाळकाची दीक्षा द्यायला सुरुवात केली. दीक्षेच्या वेळी हजर असलेल्या पाळकांनीही हात ठेवायचा असतो. नवा पाळक सवयीने पुढे झाला आणि त्यानेही ठेवला.

"चला," पहिल्या बाकावरचा घंटा वाजवणारा म्हणाला, "सुटली एकदाची त्या समितीची मीटिंग."

सगळं चर्च खदखदून हसलं. बिशपही हसले. चार महिन्यांच्या पाळकीणबाईंनी जांभळ्या शर्टावर दूध ओकलं.

घरी सोडताना लेकीने विचारलं, "पप्पा, मुद्दाम केलंत ना?"

"काय केलं?"

"पोरीला पाळक केलंत."

"बाप्तिस्मा दिला. चाळीस वर्षं देतोय, मला शिकवू नकोस."

त्यांनी दार उघडलं तर आत जळका वास. सकाळी चहाला ठेवलेलं पातेलं कोरडं पडून काळं झालं होतं, गॅस चालूच. पप्पांनी तो बंद केला आणि खुर्ची पुढे ओढली, "बस. चहा ठेवलाय."

"माझ्याकडे चला राहायला."

"बिशप भेटीला जातो, राहायला नाही."

आता ती दिवसातून तीनदा फोन करते. "मी उत्तम आहे, देवाची कृपा," तिन्ही वेळा तेच वाक्य, तोच सूर. पोर काखेत घेऊन रोज तीन जिने चढणं तिला जमत नाही. एक दिवसाआड जाते, आणि मधला दिवस तो जळका वास आठवत काढते.

तुमचंही कुणी असं असेल, फोनवर खणखणीत बोलणारं, तर फोनवर विसंबू नका. आज जाऊन या. गप्पा नंतर मारा, आधी स्वयंपाकघरात डोकवा.