तुटक्या तारेची भिंत

शरदातलं कोवळं ऊन फ्रान्समधल्या लिऑन शहरात उतरलं ते आधी टेकडीवर. टेकडीवरून कौलांवर, कौलांवरून लांबोळक्या खिडक्यांवर, आणि मग खाली, दोन नद्यांच्या संथ, हरितश्याम, निद्रालस पाण्यावर. केशरी भिंती, गुलाबी भिंती, मधुवर्णी भिंती. सारं शहर नुकतंच रंगातून काढून दोरीवर वाळत घातल्यासारखं दिसत होतं.

त्या उन्हातून दोघी चालल्या होत्या. पुढे केतकी, मागे तिची आई द्वारकाबाई. द्वारकाबाई येवल्याच्या, चाळीस वर्षं मागावर बसून पैठणी विणलेल्या. सुती साडीवर लेकीचा जाड कोट, पायांत लेकीचेच बूट. बूट जरा चावत होते, पण ते त्या सांगणार नव्हत्या.

बारा दिवसांपूर्वी त्यांनी लेकीच्या घरात पाऊल ठेवताच केतकीनं विचारलं होतं, "आई, आम्ही दोघं नवरा-बायको कायमचं इथंच राहायचं म्हणतोय. राहू का?" द्वारकाबाईंनी प्यायला पाणी मागितलं होतं. उत्तर दिलं नव्हतं. आणि उद्या त्यांचं विमान होतं.

लेक तरी केवढी भाबडी! आईनं हो म्हणावं म्हणून रोज एक नवी पेठ दाखवत होती. जुन्या शहरातले बोळ दाखवले. घराच्या पोटात शिरून पलीकडच्या रस्त्याला निघणारे, छायागर्भ, पाषाणशीतल बोळ. चित्रांच्या भिंती दाखवल्या. खोट्या खिडकीत खोटी मांजर, खोट्या सज्जात खोटी जाई. द्वारकाबाई प्रत्येक ठिकाणी "छान आहे गं" म्हणत, परक्या घरचा चहा पिऊन म्हणावं तसं. 

आज विणकरांची टेकडी होती, क्रुआ-रूस.

"एवढ्या उंच खिडक्या कशापायी गं?"

"इथल्या घराघरात रेशमाचे माग होते, आई. ताडमाड उंच. म्हणून घरंही उंच."

द्वारकाबाई थबकल्या. मग प्रत्येक घराकडे मान वर करून पाहत, सावकाश, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशा चालू लागल्या.

उताराच्या वळणावर एक भिंत होती. भिंतीभर माग रंगवला होता. उभ्या धाग्यांचा निळा ताणा, निळ्यामागे निळा, आकाशनीळ, मयूरनीळ, जांभुळनीळ. हजार तारा वरून खाली झरत होत्या. पायथ्याशी स्टुलावर बसून एक पिकल्या केसांची चित्रकार बाई उडालेला रंग नव्यानं भरत होती. तिचं नाव मादलेन. केतकीला पाहताच ती उठली, गालाला गाल लावले, आणि पहिल्याच वाक्यात रागावली. मग स्वतःच्या गळ्यातला लोकरी रुमाल काढून तिनं केतकीच्या गळ्याभोवती घट्ट गुंडाळला.

"काय म्हणू राहिली ती?"

"काही नाही."

"केतकी."

"विचारतेय, खोकला गेला का. मागच्या थंडीत मी पंधरा दिवस अंथरुणाला होते. ही रोज सूप घेऊन यायची." केतकीनं मान खाली घातली. "तुला कळवलं नाही. तू काळजी केली असतीस."

 जावई नेहमी कामासाठी परगावी; आजारी पडली तर पोरीच्या उशाशी कोण बसेल, या एका भीतीनं द्वारकाबाईंचे बारा दिवस नासले होते. त्यांनी मादलेनकडे नीट पाहिलं. रंगानं माखलेली तिची बोटं पाहिली, रुमाल गेल्यामुळे उघडा पडलेला तिचा सुरकुतलेला गळा पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. ते लपवायला त्या भिंतीकडे वळल्या.

"तार तुटेल दिसू राहिली इथं."

खरंच, हजारांत एक निळी तार मध्येच तुटून लोंबत होती. मादलेननं सांगितलं, केतकीनं समजावलं: ती मुद्दामच तशी काढली आहे. माग सोडून गेलेल्या विणकरांची आठवण.

"असू दे आठवण," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण तुटकी तार तशीच ठेवून मागावरून कुणी उठत नाही. दिवे लागायच्या आत सांधायची असते. तिला म्हणावं, ब्रश दे."

केतकीनं तसं सांगितलं. मादलेन हसली, आणि तिनं ब्रश दिला.

द्वारकाबाईंनी बूट काढून ठेवले. मागाला करतात तसा भिंतीला हात लावून नमस्कार केला. आणि चाळीस वर्षांच्या सरावानं, श्वास रोखून, दोन टोकांमध्ये इवलीशी नीलमणी गाठ काढली.

मादलेन टाळ्या वाजवत काहीतरी म्हणाली.

"आई, नाव लिही म्हणतेय. भिंत रंगवणारा खाली आपलं नाव आणि गाव लिहितो, अशी इथली रीत आहे."

पैठणीवर विणणारीचं नाव कुठं असतं? द्वारकाबाई जरा गांगरल्या. मग खाली वाकल्या आणि ठसठशीत, शाळकरी अक्षरांत त्यांनी लिहिलं: केतकी. गाव लिऑन.

केतकीनं वाचलं. पुन्हा वाचलं. आणि भर रस्त्यात, रुमालात तोंड खुपसून ती लहान पोरीसारखी रडू लागली. द्वारकाबाई अनवाणीच तिच्याजवळ गेल्या. रस्त्यानं माणसं जात होती, थांबत होती, ती अनोळखी, वळणदार, निळी अक्षरं पाहत होती. कुणालाच ती वाचता येत नव्हती. ऊन मात्र त्यांच्यावर हलकेच टेकलं होतं, आणि अक्षरं वाळत होती, वाळत होती.